टाकीतले मासे एकेक करून कमी होताहेत? नवे आणण्याआधी हे तपासा

बारा निऑन टेट्रा सोडले होते. महिन्याभरानं मोजले तर नऊ. मेलेला एकही दिसला नव्हता. पाण्यावर तरंगताना नाही की फिल्टरच्या जाळीला चिकटलेला नाही. तीन नवे आणून मी पुन्हा बारा केले. पुढच्या महिन्यात आठ भरले, मग चार आणले. असं तीनदा झालं तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला की मी कोणाला तरी नियमित जेवू घालतोय.

टाकी दोन फुटी होती, ६० बाय ३० बाय ३८ सेंटिमीटरची. आत निऑन, सहा कोरी (तळाशी राहणारे छोटे कॅटफिश), एक सकर (तोंडानं काचेला चिकटणारा कॅटफिश) आणि दोन एंजल (चपटे, लांब परांचे मासे). एंजल आणले तेव्हा शर्टाच्या बटणाएवढे होते आणि निऑन त्यांच्या अंगावरून बिनधास्त जायचे. सात-आठ महिन्यांत त्या बटणांचे तळहात झाले. रोज समोर असल्यामुळे ते वाढताना मला दिसलेच नाहीत. मग एका पहाटे टाकीचा दिवा लागायच्या आधी जाग आली. रात्री निऑनचा निळा पट्टा फिका पडतो आणि ते झाडांच्या बुडाशी सुस्तावून असतात. एक एंजल जरा तिरका होऊन, पर जवळजवळ न हलवता त्यांच्याकडे सरकत होता. पाठलाग नाही, घाई नाही. तोंड एकदाच पुढे आलं आणि एक निऑन नाहीसा झाला. शेपटीचं टोक क्षणभर बाहेर दिसलं, तेवढंच. तासाभरानं दिवा लागला तेव्हा हाच एंजल काचेशी येऊन निरागसपणे खाणं मागत होता.

दोन्ही मासे ॲमेझॉनच्या खोऱ्यातले. दोघांना पाणी सारखं लागतं, तापमान सारखं लागतं, आणि ‘कम्युनिटी टँकसाठी’, म्हणजे वेगवेगळ्या जाती एकत्र ठेवायच्या टाकीसाठी ‘चालतील’ अशा याद्यांत दोघांची नावं शेजारीशेजारी असतात. याद्या खोट्या नसतात, फक्त त्या बटणाएवढ्या एंजलच्या असतात.

ही तक्रार इतकी चिवट असायचं कारण आपल्या सवयीत आहे. मासा कमी झाला की आपण नवा आणतो. ज्यामुळे तो गेला ते टाकीत तसंच राहतं, आणि नव्यालाही तेच भोगावं लागतं. म्हणून पहिला उपाय फुकटचा आहे: कारण सापडेपर्यंत टाकीत एकही नवा मासा सोडायचा नाही. रिकामी जागा बघून हात शिवशिवतात, ते मला माहीत आहे.

आधी पाण्यावरचा संशय मिटवा

माशांवर आळ घेण्याआधी पाणी तपासून मोकळे व्हा. सगळ्या जातींचे मासे एकदम वर येऊन तोंडं उघडझाप करताहेत, कल्ले लालभडक दिसताहेत, दोन दिवसांत वेगवेगळ्या जातींचे तीन-चार मासे गेले, तर दोष पाण्याचा. भांडण असं सरसकट मारत नाही. भांडणात एकच जात किंवा एकच मासा भरडला जातो आणि बाकीचे मजेत असतात.

टेस्ट किटवर ॲमोनिया, म्हणजे माशांच्या घाणीतून होणारं विष, शून्य आणि त्यापासून बनणारं नायट्राइटही शून्य यायला हवं. शेवटी उरणारं नायट्रेट लिटरला ४० मिलिग्रॅमच्या आत, २०च्या आत असेल तर उत्तम. टाकी नवी असेल आणि पहिल्याच महिन्यात मासे जात असतील तर पुढचं वाचायची घाई करू नका. फिल्टरमध्ये ॲमोनिया पचवणारे जिवाणू स्थिरावायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात, आणि त्याआधी टाकी भरली की कोणतेही मासे कोणाहीबरोबर जगत नाहीत. पीएचही, म्हणजे पाणी किती आम्ल किंवा अल्कधर्मी आहे तेही, बघून ठेवा. तो ७ वरून ८ वर गेला की त्याच ॲमोनियाचा विषारी भाग जवळजवळ दहापट होतो. म्हणून किटवर सारखाच रंग आला तरी एकाची टाकी तगते आणि दुसऱ्याची कोलमडते.

फिल्टरचा स्पंज नळाखाली खळखळून धुवायची सवय असेल तर तीही सोडा. क्लोरीननं जिवाणू मरतात आणि टाकी पुन्हा पहिल्या आठवड्यात जाते. पाणी बदलताना जे जुनं पाणी काढतो, त्यातच स्पंज पिळायचा.

पाणी ठीक निघालं, तर संशयित टाकीतच आहे.

तीन वेळा बघा, पण काचेला नाक लावून नको

दिवसा दिव्याखाली, आपण समोर उभे असताना, मासे पाहुण्यांसमोरच्या पोरांसारखे वागतात. सगळ्यांचं लक्ष आपल्याकडे, म्हणजे खाण्याकडे. खरं वागणं तीन वेळांना दिसतं: खाणं टाकल्यानंतरची पाच मिनिटं, दिवा बंद केल्यानंतरचा अर्धा तास, आणि सकाळी दिवा लागण्याआधी. टाकीपासून पाच-सहा फूट लांब बसा आणि हलू नका. रात्री बघायला टॉर्चवर लाल जिलेटिन कागद गुंडाळला तर मासे कमी बिचकतात.

बघायचं काय? कोण कोणाच्या मागे जातो, यापेक्षा कोण कुठे *जात नाही* ते बघा. एखादा गोरामी सबंध संध्याकाळ हीटरच्या मागे उभा आहे, एखादी मॉली खाण्यालाही वरच्या डाव्या कोपऱ्यातून बाहेर येत नाही, म्हणजे टाकीचा उरलेला भाग कोणाच्या तरी ताब्यात आहे. तो ‘कोणी’ कसा ओळखायचा याची माझी एक ढोबळ खूण आहे: ज्याचे पर सगळ्यात धड आणि ज्याचा रंग सगळ्यात खुललेला, त्याच्यावर आधी नजर ठेवायची. मार खाणारा फिका पडतो आणि पर अंगाला चिकटवून फिरतो. दादा मात्र पर पसरून, टाकीच्या मधोमध.

फाटलेल्या परांचंही नीट निरीक्षण करा. चावा घेतलेला असेल तर कड स्वच्छ असते, अर्धचंद्रासारखा तुकडा गेलेला किंवा उभी चीर. कड पांढरी, फुगीर, कापसासारखी दिसत असेल आणि रोज थोडी आत सरकत असेल तर ती पर सडण्याची लागण. दोन्ही एकत्रही असतात, कारण चाव्याच्या जखमेत लागण होते. नुसता चावा असेल तर त्रास देणारा काढल्यावर स्वच्छ पाण्यात पर काही आठवड्यांत परत येतात. बुडापर्यंत गेले असतील तर मात्र बऱ्याचदा येत नाहीत.

एक गोष्ट इथेच सांगतो, नाहीतर निरपराध मासा शिक्षा भोगेल. कोरी किंवा गोगलगायी मेलेल्या माशाला खाताना दिसल्या म्हणजे त्यांनी मारलं असं नव्हे. निऑनएवढा मासा रात्री मेला तर सकाळपर्यंत गोगलगायी आणि तळातले मासे मिळून त्याचा मागमूस ठेवत नाहीत. ते टाकीचे सफाईवाले आहेत.

मासा गायब: तोंडाचं माप

आपल्याकडे मत्स्यन्याय म्हणतात तो शब्दशः हाच. तोंडात मावेल तो मासा भक्ष्य. त्यात राग नाही, वैर नाही, म्हणून आधी भांडणाची खूणही दिसत नाही. इथे लांबीपेक्षा जाडी महत्त्वाची. निऑन तीन-साडेतीन सेंटिमीटर लांब असला तरी पेन्सिलीसारखा बारीक असतो. वाढलेल्या एंजलच्या तोंडात तो सहज जातो. तेवढ्याच लांबीचा, पण उभट आणि जाड अंगाचा टेट्रा वाचतो. मिशावाले मोठे मांसाहारी कॅटफिश तर रात्रीचेच शिकारी. दिवसभर ते लाकडाखाली झोपलेले दिसतात आणि दोष येतो दुसऱ्यावर.

‘लहानपणापासून एकत्र वाढवले, सवय होईल’ हे मी स्वतः बोललो आहे. सवय होते ती एंजलला, निऑन खायची. क्वचित कोणाच्या टाकीत ते वर्षानुवर्षं सुखानं नांदतात, मोठे वाढलेले निऑन आधी आणि छोटे एंजल नंतर सोडले तर शक्यता वाढते. मी मात्र आता तो जुगार खेळत नाही.

याला एक उलटं टोकही आहे. कोरीच्या पाठीच्या आणि बाजूच्या परांना ताठ काटे असतात आणि घाबरला की तो ते उभे करून अडकवून ठेवतो. ऑस्करसारख्या मोठ्या तोंडाच्या माशानं कोरी गिळायचा प्रयत्न केला तर तो घशात रुततो आणि बहुतेक वेळा दोघंही जातात. म्हणून मोठ्या माशाबरोबर ‘तळ साफ करायला’ कोरी ठेवू नका.

शेपट्या कुरतडलेल्या: कोण, आणि कितीजण

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो.

टायगर बार्ब हा या गुन्ह्यातला जुना आरोपी. त्याच्याबरोबर सेर्पे टेट्रा आणि काळा विडो टेट्रा यांचीही नावं लिहून ठेवा. हे तिघं हळू पोहणाऱ्या, लांब परांच्या माशाला बघून राहू शकत नाहीत. गप्पीची पिसाऱ्यासारखी शेपटी, फायटरचे (बेटा माशाचे) झिरझिरीत पर, एंजलचे खाली लोंबणारे धागे, गोरामीच्या लांब मिशा. पाण्यात काही लहरतंय आणि ते पळत नाहीये, एवढं त्यांना पुरतं.

पण बहुतेकांच्या टाकीत टायगर बार्ब असतात किती? दोन किंवा तीन. आणि प्रश्न तिथेच सुरू होतो. हा थव्यात राहणारा मासा. थव्यात सतत आपापसात उतरंड ठरत असते, एकमेकांच्या मागे धावणं, टोचणं, मानापमान चाललेलं असतं. आठ-दहाजण असतील तर ही सगळी ऊर्जा घरातल्या घरात खर्च होते. तीनच असतील तर तिसऱ्याचा जीव नकोसा होतो, आणि तो मेल्यावर उरलेले दोघं शेजारी शोधतात. म्हणून कुरतडणाऱ्या तीन बार्बांवरचा उपाय कधी कधी आणखी सहा बार्ब हा असतो. ऐकायला उफराटं वाटतं, पण टाकी पुरेशी मोठी असेल, किमान अडीच-तीन फुटी, तर फरक आठवड्याभरात दिसतो. तरीही त्यांच्यासोबत एंजल, फायटर, गप्पी नकोतच. संख्या वाढवल्यानं सवय कमी होते, जात बदलत नाही.

एकेकाळचे शांत टेट्रा अचानक चावरे झाले असतील तर त्यांचीही संख्या मोजा. दहाचे चार उरले असतील तर उत्तर तिथेच आहे. निऑन, रमीनोज टेट्रा, झेब्रा डॅनिओ, कोरी, सगळ्यांना हेच लागू आहे. सहा हा किमान आकडा, दहा झाले तर त्यांचा रंग आणि चालच बदलते. दोन-दोन करून पाच जाती ठेवलेली टाकी सुरुवातीला रंगीत दिसते आणि महिन्याभरात धर्मशाळेसारखी होते, कोणाचं कोणाशी नातं नाही. सगळ्यात जास्त तक्रारी अशाच टाक्यांतून येतात.

आता फायटर. नर-नर एकत्र ठेवू नयेत हे सगळ्यांना माहीत असतं. नर फायटर आणि नर गप्पी एकत्र ठेवू नयेत हे मात्र मासे गेल्यावर कळतं. रंगीत, पसरलेल्या शेपटीचा मासा दिसला की फायटरला तो दुसरा फायटर वाटतो. गंमत अशी की त्याच फायटरला टेट्रांच्या टाकीत सोडलं तर अत्याचार त्याच्यावर होतो. त्याला शेजार हवाच असेल तर तळातले कोरी बरे, आणि तरी प्रत्येक फायटरचा स्वभाव निराळा, हे धरून चाला.

एकच मासा कोपऱ्यात

हे जागेचं भांडण असतं आणि ते बहुधा सारख्या दिसणाऱ्यांत होतं. दोन नर ड्वार्फ गोरामी, दोन रेड टेल शार्क, दोन नर स्वोर्डटेल. नावात शार्क असलेले हे मासे खरे शार्क नव्हेत, बार्ब आणि कार्पच्याच कुळातले आहेत. रेड टेल शार्क तळातली एखादी गुहा आपली मानतो आणि तिच्याजवळून जाणाऱ्या प्रत्येकाला हाकलतो, खास करून त्याच आकाराच्या, गडद रंगाच्या माशाला. टाकीत तो एकच ठेवायचा, तीन फुटांहून लहान टाकीत तोही नको.

‘दोन आणले, जोडी होईल’ हा विचार गोरामीत फसतो. तीन ठिपक्यांचा निळा गोरामी तर मोठेपणी चांगलाच आडदांड होतो. गोरामीची हौस असेल आणि टाकी मोठी असेल तर पर्ल गोरामी घ्या, लहान असेल तर हनी गोरामी. माझ्या अनुभवात या दोघांनी कोणाची तक्रार येऊ दिलेली नाही.

कोपऱ्यातला मासा गप्पी, मॉली किंवा प्लॅटीची मादी असेल तर प्रकरण वेगळं. तिथे कोणी मारत नसतं, नर दिवसभर पिच्छा पुरवत असतात आणि ती थकून मरते. एका नरामागे दोन-तीन माद्या हे प्रमाण ठेवा. किंवा सरळ सगळे नर ठेवा. रंग तेच देतात, आणि दर महिन्याला पिल्लांचं काय करायचं हा प्रश्नही उरत नाही.

सहा महिने सगळं छान होतं, मग बिघडलं

‘आधी कधीच भांडले नाहीत’ असं कोणी म्हणालं की माझा पहिला प्रश्न असतो, किती महिने झाले? विकत मिळणारा जवळजवळ प्रत्येक मासा पिल्लू असतो. तो वाढतो आणि वयात येतो, आणि दोन्ही वेळा टाकीचं गणित मोडतं.

वाढीचे आकडे एकदा तोंडपाठ करून टाका. नेहमीचा सकर ३० सेंटिमीटरच्या पुढे जातो, ४० ते ४५ही होतो. बाला शार्क ३० ते ३५. ऑस्कर ३०. क्लाउन लोच, तो नारिंगी-काळ्या पट्ट्यांचा गोड मासा, तोही ३०च्या आसपास, शिवाय त्याला पाच-सहाचा थवा लागतो. चुंबन घेणारा किसिंग गोरामी २५ पर्यंत. हे सगळे पाच सेंटिमीटरचे असताना दोन फुटी टाकीत ‘शांत मासे’ म्हणून येतात. ‘टाकीच्या मापानं मासा वाढतो’ यावर विसंबू नका. छोट्या टाकीत वाढ खुंटते ती पाणी खराब असल्यानं आणि कोंडल्यानं, आणि असा मासा वाकडा होतो, लवकर मरतो.

‘एवढ्या लिटरला इतके सेंटिमीटर मासा’ हा हिशेबही मोठ्या माशांना लावू नका. लांबी दसपट झाली की वजन सुमारे हजारपट होतं. तीन सेंटिमीटरचे दहा टेट्रा आणि तीस सेंटिमीटरचा एक सकर यांची लांबी बेरजेला सारखी, पण सकराचं वजन त्या दहाजणांच्या मिळून शंभरपट, आणि त्याची घाणही त्याच मापात. सकर टाकी साफ करतो म्हणणाऱ्यांनी एकदा त्याच्याखालची वाळू उपसून बघावी.

सकराबद्दल आणखी एक. मोठा सकर कधी कधी रात्री एंजल, डिस्कस किंवा गोल्डफिशसारख्या चपट्या, संथ माशांच्या अंगाला चिकटून त्यांच्या अंगावरचा बुळबुळीत थर खातो. सकाळी त्या माशाच्या कुशीवर गोल, फिकट चट्टा दिसतो आणि आपण बुरशीचं औषध घालत बसतो. चायनीज अल्गी ईटर याहून वाईट. लहान असताना शेवाळ खातो, मोठा झाला की शेवाळाकडे ढुंकूनही बघत नाही आणि इतरांच्या अंगावर जातो. शेवाळासाठी मासा हवाच असेल तर ब्रिसलनोज हा लहान जातीचा सकर घ्या, तो १२-१३ सेंटिमीटरवर थांबतो.

वयात येण्याचा प्रकार एंजलच्या टाकीत अगदी डोळ्यांसमोर दिसतो. चार-पाच एंजल गुण्यागोविंदानं राहत असतात. एक दिवस त्यातले दोघं फिल्टरच्या नळीवर किंवा एखाद्या रुंद पानावर तोंड घासायला लागतात. पुन्हा पुन्हा तीच जागा, जसं कोणी देव्हारा पुसतंय. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तिथे अंड्यांची रांग असते आणि टाकीतली उरलेली सगळी प्रजा समोरच्या कोपऱ्यात कोंबलेली. त्यांना दोष देऊ नका, ते आईबाप झालेत. पण दोन-तीन फुटी टाकीत एंजलची जोडी जमली की टाकी त्यांची झाली, हे मान्य करून एकतर जोडी हलवा किंवा बाकीचे.

भांडण नाही, चावा नाही, तरी झिजताहेत

दोन कारणं बघा. पहिलं, खाणं पोहोचतच नाही. झेब्रा डॅनिओ आणि बार्ब पृष्ठभागावरच सगळं फस्त करतात. खाली उतरतो तो चुरा. कोरी ‘उरलंसुरलं खातात’ या समजुतीवर कित्येक कोरी उपाशी मेलेत. दिवा बंद केल्यावर बुडणाऱ्या गोळ्या टाका. कोरीचं पोट खालून सपाट किंवा किंचित फुगीर हवं. आत गेलेलं दिसलं तर तो बरेच दिवस जेवलेला नाही.

दुसरं, पाण्याची आवडच जुळत नाही. गोल्डफिश १८ ते २२ अंशांचा मासा, डिस्कस २८ ते ३०चा, निऑन २० ते २६चा. गप्पी, मॉली, प्लॅटी यांना जड, म्हणजे जास्त क्षारांचं पाणी लागतं, पीएच ७च्या वर. मॉलीला तर विशेषच. मऊ, म्हणजे कमी क्षारांच्या पाण्यात ती पर मिटून जागच्या जागी डुलत राहते, पुढे सरकतच नाही. निऑन आणि कार्डिनल टेट्रा मऊ, किंचित आम्ल पाण्यातले. अधल्यामधल्या पाण्यात दोघं काही महिने ओढतात, आणि मग आजारांना कारण मिळतं. पांढरे ठिपके वारंवार येत असतील तर औषध बदलण्याआधी टाकीतल्या माशांची यादी बदला. गोल्डफिश मात्र कुठल्याच उष्ण पाण्यातल्या माशाबरोबर नको. घाण खूप करतो, आणि मोठेपणी लहान टेट्रा गिळतोही.

आता काढायचं कोणाला?

मनाचा ओढा मार खाणाऱ्याला वाचवायचा असतो, म्हणून आपण त्याला वेगळा काढतो. तो बाहेर गेला की दादा दुसरं गिऱ्हाईक बघतो. जखमी मासा बरा होईपर्यंत वेगळा ठेवा जरूर, पण टाकीतून कायमचा जायचा तो त्रास देणारा, किंवा मग जो मापातच बसत नाही तो.

लगेच हलवायला दुसरी टाकी नसेल तर दादाला जाळीच्या पेटीत किंवा आडपडद्यामागे तीन-चार दिवस ठेवा आणि तेवढ्यात आतले दगड, लाकडं, झाडं हलवून मांडणी पूर्ण बदला. परत सोडताना दिवा बंद ठेवा. त्याचा जुना इलाका सापडत नाही, आणि बाकीच्यांनी तोवर आपापल्या जागा धरलेल्या असतात. हा उपाय जागेच्या भांडणावर चांगला चालतो. तोंडात मावणाऱ्या भक्ष्यावर मुळीच चालत नाही, एंजल मांडणी बदलल्यानं शाकाहारी होत नाही.

काढलेला मासा दुसऱ्या पाळणाऱ्याला द्या किंवा जिथून आणला तिथे परत घेतात का विचारा. नदी, तलाव, विहिरीत सोडू नका. सकर तर अनेक देशांतल्या नद्यांत असाच सुटून माजलाय, किनाऱ्यात बिळं करतो आणि मूळच्या माशांची जागा खातो.

नव्यानं यादी करायची असेल तर मी ती टाकीच्या मापापासून आणि नळाच्या पाण्यापासून सुरू करतो, आवडीपासून नाही. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून हजारानं भागली की लिटर. माझी दोन फुटी टाकी कागदावर ६८ लिटरची. वाळू, दगड आणि वरची मोकळी जागा वजा केली की जेमतेम ५५. पाणी मऊ असेल तर त्यात दहा निऑन, सहा लहान जातीचे कोरी आणि एक हनी गोरामी, बस. जड असेल तर आठ-दहा नर गप्पी किंवा प्लॅटींचा एक लहान घोळका. एंजलची हौस असेल तर ४५-५० सेंटिमीटर उंचीची, साडेतीन-चार फुटी टाकी करा आणि सोबतीला निऑनऐवजी उभट अंगाचे टेट्रा ठेवा. सोडताना बुजरे आधी, हद्द राखणारे सर्वांत शेवटी. आणि प्रत्येक नवा मासा दोन-तीन आठवडे वेगळ्या टाकीत ठेवून मगच आत घ्या.

माझे एंजल आता एका मित्राच्या चार फुटी टाकीत आहेत. त्यानंतर निऑन दहाच्या दहा राहिले, पण झेब्रा डॅनिओ मात्र सहाचे पाच भरायला लागले. नवा गुन्हेगार कोण म्हणून मी आठवडाभर लाल टॉर्च घेऊन बसलो. शेवटी झाडू मारताना स्टँडच्या मागे, भिंतीला लागून, तो सापडला, वाळून कडक झालेला. झाकणात फिल्टरची नळी जिथून आत जाते तिथे दोन बोटं फट होती. तेव्हा सगळं तपासूनही हिशेब लागत नसेल तर टाकीमागची फरशी बघा, आणि फटीत स्पंजचा तुकडा कोंबा.